स्टार ट्रॅकर, काही महिन्यांच्या वापरानंतर: मोटर पास, वेज नापास

स्टार ट्रॅकर म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं छोटं यंत्र, आणि वेज म्हणजे त्याला ट्रायपॉडवर तिरपं धरणारा ठोकळा. लिव्हर आवळून लॉक करताना माझा वेज हलतो अशी तक्रार केली होती. सर्व्हिस सेंटरचं शेवटचं उत्तर असं आलं की वेज लॉक करताना जरासा हलतो, पण ते ठरलेल्या मर्यादेत आहे, त्यामुळे वॉरंटीत काही होणार नाही. मर्यादा किती, याला उत्तर नाही. आधी व्हिडिओ मागितला, तो पाठवला. मग पोलर स्कोपच्या (ध्रुवतारा बघून यंत्र जुळवायच्या छोट्या दुर्बिणीच्या) आतून घेतलेला व्हिडिओ हवा झाला, तोही पाठवला. त्यावर सल्ला मिळाला की लॉक न करता वापरून बघा. लॉक करायचंच नसेल तर लिव्हर दिलाय कशाला? तेव्हा या रिव्ह्यूत वेजला त्याच्या वजनापेक्षा जास्त जागा मिळणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

खोक्यावरचे आकडे घेणाऱ्याला तोंडपाठ असतातच: १४४ दातांचं वर्म गिअर (मळसूत्री दांड्याने हळू फिरणारं चाक), ५ किलोपर्यंत भार, पेन्सिल सेल किंवा यूएसबी, तारे-सूर्य-चंद्र अशा वेगवेगळ्या गती आणि एक अर्धी गती. ते परत लिहीत बसत नाही. माझा वापर मुख्यतः ३.९ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर २४, ५० आणि १३५ मि.मी. लेन्स असा आहे, अधूनमधून २०० मि.मी. खालचे आकडे त्याच कॅमेऱ्याचे. तुमचा पिक्सेल वेगळा असेल तर २०६ ला पिक्सेलच्या मायक्रॉनने गुणा आणि लेन्सच्या मि.मी.ने भागा, म्हणजे एका पिक्सेलमध्ये किती आर्क सेकंद (एका अंशात ३६००) मावतात ते कळेल. १३५ मि.मी.ला साधारण ६, २०० ला ४, २४ ला ३३ च्या पुढे. आकाश सेकंदाला १५ आर्क सेकंद सरकतं. म्हणजे ट्रॅकर नसेल तर १३५ मि.मी. लेन्सवर तारा एक पिक्सेल ओलांडायला अर्धा सेकंदही घेत नाही.

आता वेज. याचं काम एकच, ट्रॅकरचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर धरून ठेवायचा. उंचीसाठी एक नॉब आहे, दिशेसाठी समोरासमोर दोन स्क्रू. नॉब फिरवून ध्रुवतारा पोलर स्कोपमधल्या वर्तुळावर त्या वेळेच्या जागी आणायचा आणि लिव्हर आवळायचा. आवळला की ध्रुवतारा निघाला. कारण उघड आहे. लिव्हर फक्त एका बाजूची पट्टी दाबतो, दुसऱ्या बाजूला नुसती पिन आहे. दाब एकतर्फी पडला की वरचा ठोकळा तिरका होतो, मुख्यतः वरखाली आणि थोडासा बाजूला. त्यात उंचीच्या गिअरच्या दातांत मोकळी जागा आहे, तीही त्याच क्षणी बसते.

किती हलतो ते मोजायला वेगळं उपकरण लागत नाही. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सध्या सुमारे ३७ ते ३८ आर्क मिनिटं (एका अंशात ६०) दूर आहे, म्हणजे पोलर स्कोपमधल्या वर्तुळाची त्रिज्या तेवढीच. लिव्हर आवळल्यावर माझ्याकडच्या नगात ध्रुवतारा या त्रिज्येच्या निम्म्याहून किंचित जास्त सरकतो, म्हणजे साधारण २० आर्क मिनिटं. लोक वातावरणाच्या अपवर्तनाची (हवेत प्रकाश वाकून तारा किंचित वर दिसतो त्याची) दुरुस्ती करायची की नाही यावर तावातावाने वाद घालतात. ध्रुवतारा क्षितिजापासून २० अंशांवर असेल तर ते अपवर्तन जेमतेम पावणेतीन आर्क मिनिटं भरतं. इकडे एक लिव्हर त्याच्या सातपट घालवतो!

यावर जे उपाय चालतात ते असे. लिव्हर सुरुवातीपासूनच अर्धा आवळून ठेवायचा, इतका की नॉब जोर लावून फिरेल पण ठोकळा स्वतःहून डुलणार नाही. उंची नेहमी खालून वर नेतच जुळवायची. जास्त वर गेलं तर बरंच खाली आणून पुन्हा वर यायचं, म्हणजे दातांमधली मोकळी जागा भाराखाली एकाच बाजूला बसलेली राहते. कॅमेरा, लेन्स, काउंटरवेट (तोलासाठीचं वजन) सगळं चढवल्यावरच जुळवणी करायची, कारण रिकाम्या ट्रॅकरवर केलेली जुळवणी दोन किलो चढले की पुन्हा खाली बसते. शेवटचं पाव वळण आवळताना डोळा पोलर स्कोपला लावूनच ठेवायचा आणि तारा जितका सरकतो तितका आधीच उलट्या बाजूला ठेवायचा. दोन-तीन वेळा केल्यावर हाताला अंदाज येतो आणि चूक पाचेक आर्क मिनिटांत येते. दिशेचे स्क्रू त्या मानाने शहाणे आहेत. एक जेवढा सोडायचा तेवढाच दुसरा घ्यायचा आणि शेवटी दोन्ही टेकलेले ठेवायचे. त्याआधी ट्रायपॉडचा मधला बोल्ट पाव वळण सैल करायला विसरू नका, नाहीतर स्क्रूची टोकं ॲल्युमिनियममध्ये खड्डे पाडतात आणि पुढच्या वेळी स्क्रू आपोआप त्याच खड्ड्यात जाऊन बसतो.

लिव्हरखाली पातळ टेफ्लॉनचा वॉशर घातल्याने फरक पडतो, पण निम्माच. आवळताना पट्टी लिव्हरबरोबर फिरत नाही, एवढाच त्याचा फायदा. तिरकेपणा तसाच राहतो. वेज उघडून दुसऱ्या बाजूलाही आवळण्याची सोय करता येईल, पण उघडला की वॉरंटी गेली. सगळे देतात तो सल्ला म्हणजे दुसऱ्या कंपनीचा जाड धातूचा वेज घ्या. तो चांगला असतो यात वाद नाही. पण ट्रॅकरच्या जवळपास निम्म्या किमतीचा वेज वेगळा विकत घ्यायचा आणि मूळचा वेज पेपरवेट म्हणून ठेवायचा, हे मला मान्य नाही. जो भाग खोक्यात दिला आहे तो कामाचा असायला हवा.

इथपर्यंतचं मत पहिल्या काही आठवड्यांचं. तेव्हा १३५ मि.मी.वर एक मिनिटाच्या फ्रेममध्ये तारे अंडाकृती आले की खापर वेजवर फुटत होतं. मग अंडं कोणत्या दिशेला ताणलंय ते तपासलं आणि मामला बदलला.

ही तपासणी प्रत्येकाने करावी, फुकट आहे. तारा पूर्व-पश्चिम ताणलेला असेल तर दोष मोटरचा किंवा गिअरचा. उत्तर-दक्षिण ताणलेला असेल तर दोष ध्रुवाच्या जुळवणीचा. दोन्ही दिशा फोटोत ओळखायच्या असतील तर ट्रॅकर बंद करून दहा सेकंदांची एक फ्रेम घ्या, त्यात रेघ पडेल ती पूर्व-पश्चिम. माझ्या फ्रेममधली अंडी बहुतेक सगळी पूर्व-पश्चिम निघाली.

गणितही तेच सांगतं. ध्रुवाच्या जुळवणीत एक आर्क मिनिट चूक असेल तर तारा जास्तीत जास्त मिनिटाला पाव आर्क सेकंदापेक्षा किंचित जास्त भरकटतो. म्हणजे २० आर्क मिनिटांच्या चुकीने मिनिटाला सव्वापाच आर्क सेकंद, १३५ मि.मी.वर एक पिक्सेलसुद्धा नाही. वर्म गिअरची आवर्ती चूक (प्रत्येक फेऱ्यात तशीच परत येणारी) मात्र वेगळ्याच मापाची आहे. नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा, त्याला १४४ ने भागलं की वर्मचा एक फेरा सुमारे १० मिनिटांचा निघतो. या फेऱ्यात ट्रॅकर थोडा पुढे धावतो, मग थोडा मागे रेंगाळतो. माझ्याकडच्या नगात टोकापासून टोकापर्यंत सुमारे ६० आर्क सेकंदांचा फरक पडतो. ६० हा आकडा लहान वाटला तरी फेऱ्याच्या सगळ्यात वाईट भागात तारा मिनिटाला १९ आर्क सेकंद सरकतो, म्हणजे १३५ मि.मी.वर तीन पिक्सेलपेक्षा जास्त. वेजपेक्षा साडेतीन पट.

आपल्या नगाची ही चूक मोजायची पद्धत अशी. वेज दिशेने मुद्दाम तीनेक अंश चुकीचा ठेवा. कॅमेरा मध्यान्हवृत्ताजवळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा), खगोलीय विषुववृत्तावरच्या एखाद्या ताऱ्यावर रोखा. मृगाच्या बाणातल्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेचा तारा यासाठी सोयीचा, तो जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. वीस मिनिटं सलग ३० सेकंदांच्या फ्रेम घ्या, मध्ये अंतर न ठेवता, आणि नंतर त्या ‘लाइटन’ पद्धतीने (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ पिक्सेल ठेवून) एकावर एक चढवा. ध्रुवाची चूक ताऱ्याला एका दिशेने ओढत नेते आणि गिअरची चूक त्याला आडवी हलवते, त्यामुळे फोटोत स्वच्छ नागमोडी रेघ उमटते. १३५ मि.मी.वर माझ्या रेघेची लाट दहा पिक्सेल उंच आली. लाट गुळगुळीत असेल तर काळजी नको. मध्येच खाचा किंवा उड्या दिसल्या तर गिअरमध्ये कचरा आहे, क्लच घसरतोय किंवा तोल बिघडलाय.

याचा व्यवहारात अर्थ असा. लाटेच्या शेंड्याला आणि तळाला गती जवळपास बरोबर असते, मधल्या चढ-उतारावर फ्रेम खराब होतात. दोन पिक्सेलपर्यंत ताण चालवून घेतला तर १३५ मि.मी.वर ३० सेकंदांच्या सगळ्या फ्रेम टिकतात, एक मिनिटाच्या शंभरातल्या चाळीस-पंचेचाळीस. २०० मि.मी.वर ३० सेकंदांच्या साधारण दोन तृतीयांश, ३०० मि.मी.वर जेमतेम चाळीस टक्के. २४ मि.मी.वर पूर्ण लाटच दोन पिक्सेलांत मावते, त्यामुळे तिथे तीन-चार मिनिटांचं एक्स्पोजरही बिनधास्त. लांब लेन्स असेल तर एक्स्पोजर कमी करून संख्या वाढवणं हाच स्वस्त उपाय आहे. एफ २.८ वर, प्रकाश प्रदूषण असलेल्या आकाशात ३० सेकंदांतच आकाशाचा गोंगाट (नॉइझ) कॅमेऱ्याच्या वाचनाच्या गोंगाटाला गिळून टाकतो, त्यापुढे एका फ्रेमची लांबी वाढवून फारसं काही पदरात पडत नाही, एकूण वेळ महत्त्वाचा. १२० फ्रेम ३० सेकंदांच्या आणि ६० फ्रेम एक मिनिटाच्या यांत डोळ्याला फरक दिसत नाही. कार्ड मात्र लवकर भरतं. गाइड कॅमेरा (तारा बघून ट्रॅकरची गती सतत सुधारणारा दुसरा कॅमेरा) लावून ही चूक बऱ्याच अंशी मारता येते, ट्रॅकरला त्याचं पोर्टही आहे, पण मग छोटी दुर्बीण, कॅमेरा, केबल, लॅपटॉप असा पसारा येतो. पाठीवर नेता येतं म्हणून ट्रॅकर घेतला असेल तर हे सगळं त्याच्यावर लादू नका.

मग वेज सुटला का? सुटला होता, स्टॅक केलेला (अनेक फ्रेम एकावर एक बसवून बनवलेला) फोटो ताणून, म्हणजे उजळवून बघेपर्यंत. पार्श्वभूमीवर एकाच दिशेला जाणाऱ्या बारीक, पावसासारख्या तिरप्या रेघा. एकेका फ्रेममध्ये तारे गोल, पण चौकट फ्रेमगणिक हळूहळू एकाच दिशेला सरकत राहते. मिनिटाला सव्वापाच आर्क सेकंद म्हणजे तासाला १३५ मि.मी.वर पन्नासेक पिक्सेल. स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर तारे एकमेकांवर बसवतं, त्यामुळे सेन्सरवरचे गरम पिक्सेल आणि ठिपके उलट दिशेने रांगत जातात आणि त्यांच्या रेघा होतात. डार्क फ्रेमने (लेन्स झाकून घेतलेल्या फ्रेमने) त्या कमी होतात, जात नाहीत. देवयानी दीर्घिका पश्चिमेला कलल्यावर घेतलेल्या स्टॅकमध्ये रेघा ठळक, आणि त्याच रात्री मध्यान्हवृत्तावर घेतलेल्या मृगाच्या तेजोमेघात जवळपास नाहीत. याचाही उलगडा होतो. लिव्हर बिघडवतो ती मुख्यतः उंची, आणि उंचीच्या चुकीचं भरकटणं पूर्व-पश्चिमेकडच्या ताऱ्यांत सगळ्यात जास्त दिसतं, मध्यान्हवृत्तावर जवळपास शून्य. दिशेच्या चुकीचं बरोबर उलट. त्यामुळे रेघा कुठे येतात त्यावरून कोणता स्क्रू चुकलाय ते ओळखता येतं.

उपाय म्हणजे दर दहा-पंधरा फ्रेमनंतर चौकट हातानेच थोडी हलवायची, आणि दर वेळी वेगळ्या बाजूला. पूर्व-पश्चिमेसाठी ट्रॅकरची जलद गतीची बटणं सेकंदभर दाबली की पुरे. उत्तर-दक्षिणेसाठी कॅमेरा धरणाऱ्या एल आकाराच्या ब्रॅकेटचा बारीक नॉब जरासा फिरवायचा. दहा-वीस पिक्सेल बदल भरपूर झाला. इंटरव्हॅलोमीटरवर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणाऱ्या रिमोटवर) फ्रेमच्या मध्ये पाच सेकंद ठेवले तर तेवढ्या वेळात उरकतं. थंडीत दर काही मिनिटांनी उठायला लावणारा वेज मला आवडावा अशी अपेक्षा कोणी करू नये. म्हणून निकाल असा: तारे लांबट आले तर वेजला शिव्या देऊ नका, रेघा आल्या तर खुशाल द्या.

आता बाकीचं, थोडक्यात.

पोलर स्कोप घरी आणल्या आणल्या तपासा, त्याची जाळी (खुणा कोरलेली आतली काच) मध्यावर नसू शकते. दिवसा दूरच्या मनोऱ्याच्या टोकावर मधला क्रॉस ठेवा आणि अक्ष १८० अंश फिरवा. क्रॉस टोकावरून हलला तर जितका हलला त्याच्या निम्मा तीन बारीक स्क्रूंनी परत आणा, उरलेला वेजने, आणि पुन्हा फिरवून बघा. एक स्क्रू अगदी पाव वळण सोडायचा, तर समोरचे दोन घ्यायचे. तिन्ही एकदम सैल केले की जाळीची काच आत निसटून पडते आणि मग सगळं खोलून बसवावं लागतं. क्रॉस लाल दिव्यात दिसतो, पण दिव्याचा उजेड सगळ्यात कमी पातळीवरही जास्त आहे, ध्रुवताऱ्याजवळचे फिके तारे त्यात बुडतात.

बॉल हेड थेट ट्रॅकरवर बसवलं तर पोलर स्कोपचं तोंड झाकलं जातं, म्हणजे भार चढवून जुळवणी करायची सोयच उरत नाही. काउंटरवेटसह येणारा एल आकाराचा ब्रॅकेट ही एकच जादा वस्तू मी पैसे देऊन घ्यायला सांगेन. त्याशिवाय वेजचे वरचे अर्धे उपाय करताच येत नाहीत. तोल अगदी बरोबर नको, पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे वर्म आणि चाक सतत एकमेकांना टेकलेले राहतात. कॅमेरा मध्यान्हवृत्त ओलांडून गेला की जड बाजूही बदलते, तेव्हा वजन पुन्हा सरकवायचं. ५ किलोचा आकडा विसरा. अडीचपर्यंत वागणं चांगलं आहे, त्यापुढे वाऱ्याची झुळूक फ्रेममध्ये दिसते. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणण्याचा अट्टहासही नको. ट्रॅकिंगला त्याने फरक पडत नाही, फक्त उंची आणि दिशा एकमेकांत गुंतत नाहीत एवढंच.

वीज हा सुखद धक्का आहे. यंत्र इतकं कमी खातं की मध्यम पॉवर बँक रात्रभर पुरून उरते. गंमत म्हणजे याच कारणाने काही पॉवर बँक आपोआप बंद पडतात, त्यांना वाटतं काही जोडलेलंच नाही. दव रोखणारी यूएसबी पट्टी त्याच पॉवर बँकेला लावली की प्रश्न मिटतो आणि लेन्सही कोरडी राहते. पॉवर बँक बंद पडून ट्रॅकर थांबला तर तो कोणतीही सूचना देत नाही, पुढच्या सगळ्या फ्रेममध्ये रेघा निघतात. सेल वापरत असाल तर रिचार्जेबल घाला, पण झाकणाची क्लिप नाजूक आहे, एकदा कुरकुरली की इलेक्ट्रिकच्या टेपवर दिवस काढायचे.

अर्धी गती मी घेताना निरुपयोगी समजत होतो, आता २४ मि.मी.वर तीच जास्त वापरतो. डोंगर किंवा झाडं आणि आकाश एकाच फ्रेममध्ये हवं असेल तर दोन्ही निम्मं-निम्मं हलतं आणि एक्स्पोजर दुप्पट करता येतं, जोडकाम न करता. चंद्राची गती ग्रहणाला उपयोगी. सूर्याच्या गतीवर लेन्ससमोर सौर फिल्टर लावलेला असल्याशिवाय कॅमेरा रोखायचा नाही, हे यंत्राच्या पुस्तिकेत पान उलटल्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, पहिल्या पानावर हवं होतं.

नवा घेत असाल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत वेज दिवसाउजेडी तपासून घ्या. ट्रायपॉड पक्का ठेवा, तुमचा नेहमीचा सगळा भार चढवा, पोलर स्कोपचा क्रॉस दूरच्या टोकावर आणा, उंची खालून वर नेतच जुळवा. मग एका हाताने लिव्हर पूर्ण आवळा आणि टोक किती सरकतं ते ध्रुवताऱ्याच्या वर्तुळाशी ताडून बघा. सोडून-आवळून पाच वेळा करा. दर वेळी साधारण तितकंच आणि त्याच दिशेला सरकत असेल तर त्याचा अंदाज घेऊन काम चालतं. त्रिज्येच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकत असेल, किंवा दर वेळी वेगळ्याच दिशेला जात असेल, तर व्हिडिओ काढा, परत पाठवा आणि बदलून मागा. एकदा मुदत गेली की ते मर्यादेत असतं.